धीर द्यायला

अनंतरावांनी बॅगेतला टॉवेल हळूच बाहेर काढून परत कपाटात ठेवला. नीरजाताईंनी सकाळी भरलेली बॅग ते दिवसभर अशीच थोडी थोडी रिकामी करत होते. उद्या बायपाससाठी पुण्याच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. आपण जायचं नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं. बायकोला कसं सांगायचं, एवढंच राहिलं होतं.

लोणावळ्याच्या त्यांच्या आळीत ऑपरेशनला निघालेल्या माणसाला धीर द्यायला जायची पद्धत होती. रिकाम्या हाती कुणी येत नसे, त्यामुळे टेबलाखाली शहाळ्यांचा ढीग झाला होता. शहाळ्याबरोबर प्रत्येकजण एक हकिकतही आणत असे. भिकाजीपंतांच्या साडूंचं ऑपरेशन उत्तम झालं, फक्त ते भुलीतून बाहेर आले नाहीत. अनघाताईंचे मामा बाहेर आले, पण मग कुणाला ओळखेनात. तुमचं काही तसं व्हायचं नाही, असं शेवटी सगळेच म्हणत आणि चहा घेऊन जात.

अनंतरावांनी आयुष्यभर विमा विकला होता. मरणाचा विषय गोड बोलून काढावा तर त्यांनीच, असं लोक म्हणत. समोर बसलेल्याला तेव्हा काय वाटत असेल, हे त्यांना आता कळत होतं. तळहात सारखे ओले होत. डाव्या हाताला जरा मुंग्या आल्या, की ते श्वास रोखून वाट बघत.

संध्याकाळी स्वयंपाकाच्या नंदाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, गावाकडनं, बेडशावरनं माजा भाऊ आलाय. त्याला बी हेच ऑपरेशन सांगितलंय. लय भ्यालाय. दोन शब्द बोलता का त्याच्याशी?"

नाही म्हणायला कारण सुचेना. सोपान आत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. शहाळं त्याने आणलं नव्हतं.

"छाती फोडत्यात म्हणं," तो म्हणाला.

"फोडत नाहीत हो, उघडतात. आणि आपण झोपेत असतो."

"आन जाग आली न्हाई तर?"

हा प्रश्न अनंतरावांनी अजून कुणालाच विचारला नव्हता. घसा खाकरून त्यांनी विमा विकतानाचा आवाज काढला. जाग येते, म्हणाले. डॉक्टरांना हे काम म्हणजे पंक्चर काढण्यासारखं. घशात एक नळी घालतात, ती मात्र चार दिवस सोसायची.

"चार न्हाई, दुसऱ्या दिशी काडत्यात," सोपान बोलून गेला. मग थांबला. "म्हंजी, लोक म्हणत्यात."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

ओशाळून सोपान पाण्याचा पेला उचलायला वाकला, तसा त्याच्या शर्टाचा गळा सुटला. गळ्याखालच्या खळगीपासून सरळ खाली एक पांढरट रेघ गेली होती. जुनी, पार भरून आलेली.

अनंतराव त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. तळहात अजून ओलेच होते.

"आणखी कशाची भीती वाटते, सोपानराव?"

सोपानने दाराआडच्या बहिणीकडे एकदा पाहिलं. "खोकल्याची. खोकला आला की टाके उसवत्यात का काय, असं वाटतं. तवा उशी छातीशी आवळून धरायची, मग... म्हंजी, धरावी म्हणत्यात."

"बरोबर आहे. उशी धरायची," अनंतराव गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही अगदी घाबरू नका. मी उद्या जातोच आहे. आलो की कसं असतं ते नीट सांगतो तुम्हाला."

"या," सोपान म्हणाला. "मी वाट बगतो."

तो गेल्यावर अनंतरावांनी नीरजाताईंना हाक मारली आणि घरातली सगळ्यात लहान उशी कुठे असते, ते विचारलं.