थुंकी झेलणारी

मी एक जुनी तांब्याची पिकदाणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका; आधी ऐकून घ्या.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. तोंड रुंद ठेवले आणि मान अरुंद, म्हणजे आत पडलेला थेंब बाहेर उडत नाही. टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात वाइन चाखण्याची एक खोली आहे. तिथल्या लांब टेबलाच्या मधोमध माझी जागा होती. लांबून प्रवासी येत. वाइन ओतणारी ताई त्यांना सांगे, "घोट तोंडात घोळवा, चव घ्या आणि हिच्यात थुंका. उतारावरून गाडी न्यायचीय ना?" चव त्यांच्या जिभेवर राही, नशा माझ्या पोटात जाई. मॅनेजर मला स्वतः घासून लख्ख करी. "या खोलीची अब्रू आहे ही," म्हणे.

मग मालकांचे मेहुणे कारभार पाहायला आले.

"शी! फोटोत हे काय येतंय? हलवा ते."

"अगदी बरोबर, साहेब," मॅनेजर म्हणाला. "मला तर पहिल्यापासून किळस यायची."

पहिल्यापासून! सकाळीच त्याने मला घासले होते. आणि लोक म्हणतात, थुंकी मी झेलते!

मला दाराशी नेऊन ठेवले आणि माझ्यात ओल्या छत्र्या खुपसल्या.

त्याच दुपारी एक नवरा-बायको आणि बायकोची मावशी आली. तिघांत गाडी चालवता येणारा नवरा एकटाच. पहिला घोट घोळवून तो टेबलावर मला शोधू लागला. गाल फुगलेले, बोलता येईना.

"गिळा हो बिनधास्त!" मेहुणे हसले. "इतकी सुरेख वाइन थुंकतात होय?"

त्याने गिळली. मग दुसरी, तिसरी. पुढे त्याने शोधणेच सोडले. मी दाराशी आ वासून उभी होते, पण तोंडात छत्र्या!

निघताना त्याच्या हातून किल्ली पडली.

"अहो, तुम्ही चालवणार?" बायको घाबरली.

"मी प्यायलोय कुठे? नुसती चाखलीय."

"चाखणाऱ्याची जीभ अशी अडखळत नाही, जावईबापू," मावशी म्हणाली.

ताई तरातरा आली. तिने छत्र्या उपसून फेकल्या, किल्ली उचलली आणि माझ्यात टाकली. ठण्ण!

"अहो ताई, पाहुणे आहेत ते!" मेहुणे ओरडले.

"म्हणूनच. पाहुणे घरी पोचायला हवेत."

मॅनेजरने कुणालाही लगेच मान डोलावली नाही. आधी मेहुण्यांचे तोंड पाहिले.

ताईने गावातून ड्रायव्हर बोलावला आणि किल्ली त्याच्याच हाती दिली. तिघे सुखरूप गेले. माझ्यात मात्र पुन्हा छत्र्या आल्या. टेबलावर आता फुलदाणी आहे. ती फोटोत छान येते.

मित्रांनो, मोठेपणी अशा टेबलाशी बसलात आणि मी दिसले नाही, तर पहिल्या घोटाआधीच मोठ्याने विचारा, "पिकदाणी कुठंय?" आणि साहेबांच्या होला हो म्हणणाऱ्याला 'थुंकी झेलणारा' म्हणू नका. थुंकी झेलून मी माणसे घरी पोचवली. त्याने कुणाला पोचवले?