फिरकीच्या तांब्यावरचा आळ

"गळायलाय बघा पुन्हा! दशम्या भिजल्या, माझं धोतर भिजलं. मोडीत घाला म्हणलं तर कुणी ऐकंना."

जिंतूरच्या येष्टीत ही कुरकुर माझ्या अगदी कडीपाशी तोंड आणून केली गेली. मित्रांनो, ज्याच्यावर हा आळ आला तो मीच. पोटाने गोल, मानेने आखूड, असा पितळेचा एक जुना फिरकीचा तांब्या. माझे झाकण नुसते ठेवायचे नसते, फिरवून आवळायचे असते. त्याला आटे असतात. म्हणून तर प्रवासात मला नेतात.

कुरकुरत होते ते झरीचे बन्सीधरराव. खिडकीशी त्यांची बायको मनकर्णा बसली होती. तिला आज साठ वर्षे पूर्ण झाली होती. मागच्या सीटवर सून प्रियांका, मांडीवर ओली पिशवी घेऊन. तिघे चारठाण्याची जुनी देवळे पाहायला निघाले होते.

मी गळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्याने आपली बाजू मांडायला उशीर केला की ऐकणारे जेवायला उठतात.

नांदेडच्या एका तांबटाने मला घडवले. ठोके खाऊन खाऊन आकार आला, मग आटे पडले. त्याने मला पाण्याने भरले, झाकण आवळले, उलटा धरून झटकले आणि म्हणाला, "जा बेटा. दुनिया उलटी हुई तो बी एक बूंद नै गिरता." त्या शब्दावर मी आजवर जगलो.

मला विकत घेतले चुडाव्याच्या सितारामांनी. रेल्वेच्या रुळांवर उन्हातान्हात राबणारा माणूस. तहान काय असते ते त्यांना कुणी शिकवायला नको होते. लेकीला सासरी धाडताना त्यांनी मला तिच्या हातात दिले. म्हणाले, "मनू, वाटंत कुणाला पाणी मागायची येळ येऊ नये, म्हणून देतो." बापाने पाण्यापुरते सांगितले होते. लेकीने ते सगळ्याच गोष्टींना लावून घेतले.

मग मी कापसाच्या रानात बांधावर बसलो. बाळंतपणात दवाखान्यात तिच्या उशाशी राहिलो. मुलगा बजरंग परीक्षेला परभणीला गेला तेव्हा त्याच्यासोबत गेलो. चिंच लावून घासले की मी असा लखलखे की लग्नाला निघालेल्या बायका माझ्यात बघून कुंकू सारखे करत. पुढे घरात प्लास्टिकच्या बाटल्या शिरल्या आणि मी फळीवर गेलो. माझ्या शेजारी एक बिघडलेला कंदील होता. त्याच्याशी काय बोलणार? पण मनकर्णा गावाला निघाली की मलाच खाली काढी.

मित्रांनो, तांब्याला माणूस मुठीवरून कळतो. गेल्या संक्रांतीपासून तिची मूठ मला वेगळी लागू लागली. उजव्या हाताची बोटे झाकणाला धरायची आणि घसरून जायची. तिने शिवायला घेतलेली वाकळ अर्धीच राहिली. विचारले की म्हणायची, "डोळ्याला दिसंना." डोळ्यांना तर शेजारणीच्या अंगणातली कोंबडीसुद्धा कुणाची ते दिसत होते.

घरात हे सगळ्यांना कळले आणि कुणालाच कळले नाही. प्रियांका सासूच्या आधी पिठाच्या डब्याकडे धावू लागली, "आत्या, तुमी बसा, मी थापते." बन्सीधरराव मला भरून झाकण अर्धेच फिरवू लागले, मनकर्णाला सहज उघडता यावे म्हणून. तिला ते पुन्हा आवळता येईना, म्हणून तीही सैलच ठेवी. तिच्या आईचा हात असाच आधी गेला होता, आणि मग आई अंथरुणावरून उठली नव्हती. त्यामुळे डॉक्टर हा शब्द त्या घरात कुणी काढेना. त्यापेक्षा तांब्या गळका म्हणणे सोपे होते.

आता वाढदिवसाचे ऐका. बन्सीधररावांच्या साठीला होम झाला, पंगत झाली. मनकर्णा जन्मली पोळ्याच्या करीला, बैलांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. करीला शुभ काही करत नाहीत, गाव सोडत नाहीत. त्यामुळे तिचा वाढदिवस साठ वर्षे असाच सटकून गेला. बजरंग पुण्याहून फोनवर म्हणाला, "हॉल घेऊ, केक कापू." ती म्हणाली, "मला चारठाण्याला न्या. बास."

"करीला कुठं निघायलीस?" बन्सीधरराव म्हणाले.

"करीनं माझं जे करायचं ते जन्मतानाच केलं. आता काय नवीन करंल?"

प्रियांकाने भेट म्हणून एक बाटली आणली होती. बटण दाबले की उघडणारी. देताना तिने सासूच्या हाताकडे पाहिले नाही. मनकर्णाने बाटली दोन्ही हातांत फिरवून पाहिली, "छान हाय गं," म्हणाली, आणि ती भिंतीतल्या देवळीत ठेवून मला उचलले.

चारठाण्याला ढग होते, पण पाऊस नव्हता. येष्टीतल्या भिजण्याचा राग बन्सीधररावांच्या डोक्यात होताच. हापशावर त्यांनी मला भरले आणि रागाच्या भरात झाकण दातओठ खाऊन आवळले. कितीतरी महिन्यांनी माझे आटे पुरते बसले. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू!

भिजल्या दशम्या चटणीशी खाऊन झाल्या. मग प्रियांका आणि बन्सीधरराव देवळांजवळचा उंच दगडी खांब पाहायला गेले. मनकर्णा म्हणाली, "माझे पाय दुखायलेत," आणि बारवेच्या पायरीवर बसून राहिली. खाली हिरवे पाणी होते. चटणी तिखट होती. तिने मला मांडीवर घेतले.

झाकण हलले नाही. तिने पदर गुंडाळून पाहिले. मला गुडघ्यांत दाबले आणि डावा हात लावला. बोटे थरथरली, घसरली, पुन्हा आली. इकडेतिकडे कुणी नाही हे तिने पाहून घेतले आणि मला दातांनी धरून पाहिले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, मी खरोखरच गळका असतो तर! माझ्या पोटात पाणी काठोकाठ होते आणि तिचे ओठ कोरडे.

समोर दोघे केव्हा येऊन उभे राहिले होते, तिलाही कळले नाही.

"आत्या, द्या इकडं, मलाच तहान लागलीय," प्रियांका घाईने म्हणाली.

"त्याचे आटेच गेलेत," बन्सीधरराव खांबाकडे बघत म्हणाले. "उद्या मोडीत देऊन टाकतो."

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. घरातल्या जुन्या भांड्याला मोडीत काढण्याआधी त्याचे झाकण एकदा नीट आवळून पाहा. आणि ते कुणाच्या हातून सैल राहते, हेही पाहा. आम्ही आळ सोसू. पितळेला काय होते! पण आमच्यावर आळ ठेवला म्हणून माणसाचे दुखणे थांबत नाही.

मनकर्णाने मला लगेच सोडले नाही. अंगठ्याने माझ्यावरचा एक जुना पोचा चाचपला. मग तिने मला पुढे केले. प्रियांकाकडे नाही, नवऱ्याकडे.

"आटे त्याचे न्हाई गेले," ती म्हणाली. "माझा हात गेलाय. संक्रांतीपासून. आईसारखाच. मला भ्या वाटायलंय... मला डाक्टरकडं न्या. आन् आधी पाणी द्या."