एकहार्टचं मत

आमचा एकहार्ट वकील होता, तेव्हा निकाल खटल्याच्या आधीच ठरलेला असायचा. हा पक्षातल्या वरच्यांचा कल बघायचा आणि मग अशिलाला सांगायचा, "कबूल करून टाका, शिक्षा कमी होईल." वाईट नव्हता हो! आमच्या पूर्व जर्मनीत वकिली तशीच चालायची. मग गेल्या वर्षी माणसं रस्त्यावर आली, भिंत पडली, आणि मार्चच्या निवडणुकीत नाउमबुर्गच्या लोकांनी माझ्या या धाकट्या भावाला थेट बर्लिनच्या संसदेत धाडलं.

सप्टेंबरात दोन्ही जर्मनी एक करण्याच्या करारावर मतदान होतं. आदल्या रविवारी तो माझ्याकडे आला. मी आलुबुखाराचा केक केला होता, तो याने नुसता चिवडला.

"बोल की बाबा, तोंड शिवलंय का?"

"ताई, करारात एक कलम आहे. पश्चिमेला पळून गेलेल्यांची घरं त्यांना परत."

म्हणजे हे माझं घरही! याचा मालक फार पूर्वी पश्चिमेला, कासेलला पळाला होता. घर सरकारजमा झालं आणि आम्ही नवराबायको भाडेकरू म्हणून आलो. कौलं, नळ, खिडक्या, सगळं माझ्या नवऱ्याने ओळखीपाळखीने मिळवून स्वतः बसवलं. आता तोही नाही. नगरपालिका घर विकत देत होती, तेव्हा याच शहाण्याने सांगितलं होतं, "कशाला घेतेस? भाडेकरूला इथे कोण काढतंय?" आणि खरंच, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

"ते एक कलम नाही का गाळता येत?"

"नाही. घेतला तर अख्खा करार. पण तू म्हणशील तर मी विरोधात मत देतो."

अस्सा राग आला मला! "म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर? जन्मभर दुसऱ्याला काय हवंय ते बघून बोललास. आता मी तुझी न्यायाधीश का? जा, तुझं तू ठरव."

तो खाली मान घालून निघून गेला. मी आठवडाभर धुसफुसत होते. खरं सांगते, त्याने नकार द्यावा असंच मला वाटत होतं, आणि तोही मी न सांगता.

पुढच्या रविवारी तो दारातच उभा राहिला.

"ताई, मी बाजूने मत दिलं."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. बहुतेकांचं भलं यातच आहे असं वाटलं. तुझं नाही, हे माहीत होतं."

वाटलं, दार आपटावं तोंडावर. पण पोरगा रडवेला झाला होता. म्हटलं, "ये आत."

"कासेलवाल्यांशी तुझ्या बाजूने मी लढेन," तो म्हणाला.

"आणि कायदा?"

"कायदा त्यांच्या बाजूचा. मीच केलेला."

"म्हणजे हरणार."

"बहुतेक."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. माझं घर जाणार होतं. एकहार्ट माझा हात धरून बसून राहिला, आणि सगळं ठीक होईल असं एकदाही म्हणाला नाही.