ओडेल प्रूएट यांचा थर्मामीटर

डब्यात चार कप्पे होते आणि गळाला लावायचे चोवीस खोटे मासे. पहिल्या कप्प्यावर पंचेचाळीस लिहिलं होतं. त्यात बोटभर लांबीचे, बारीक, चंदेरी असे सात. पन्नासच्या कप्प्यात झिंग्यासारखे लाल, पुढे प्लास्टिकची जीभ असलेले अकरा. पंचावन्नच्या कप्प्यात फिरत्या पात्यांचे सहा. साठचा कप्पा रिकामा होता. आकडे पाण्याच्या तापमानाचे, फॅरेनहाइटमधले होते आणि अक्षर ओडेल यांच्या बायकोचं, वेल्माचं.

मी हे वहीत उतरवून घेईपर्यंत ओडेल नावेच्या टोकाला बसून माझ्याकडे बघत होते.

"आता मलाही लिहून घे," ते म्हणाले. "म्हातारा एक, गुडघे दोन, त्यातला चालू एक."

ओडेल प्रूएट यांनी चाळीस वर्षं टॅबर तलावाच्या धक्क्यावर नावांची इंजिनं दुरुस्त केली. १९९३पासून रोज सकाळी त्यांनी धक्क्यावरून थर्मामीटर पाण्यात सोडला आणि आकडा वहीत गेला. सोबत हवा, कोणतं आमिष लावलं, किती बास मासे मिळाले, हेही. वर्षाला एक अशा एकतीस वह्या झाल्या. पहिल्या एकोणीस वेल्माने लिहिल्या. ती गेल्यावरच्या बारा ओडेल यांनी.

आमच्या मत्स्य खात्याकडे या तलावाचे २००९च्या आधीचे आकडेच नाहीत. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. साहेबांनी बजावलं होतं, आधी थर्मामीटर तपास, मग वह्या. काच चुकीची निघाली तर वह्या दप्तरात घ्यायच्या नाहीत. हे मी ओडेल यांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नावेत बसले होते.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर दोन फूट खाली सोडला. आकडे छापलेली पत्र्याची पट्टी, तिच्यावर दोन चिमट्यांत धरलेली काचेची नळी. आकडा सत्तेचाळीस. म्हणून चंदेरी.

गार पाण्यात बास पाठलाग करत नाही, तोंडासमोर आलेलं तेवढं खातो, असं ते मला समजावत होते. जिथे खडीचा उतार एकदम खोल जातो तिथे मी गळ टाकला, दोन हिसके दिले आणि गुंडाळायला लागले.

"ओढू नकोस. मेल्यासारखा राहू दे. पंधरा मोज."

अकराला दोरा आडवा पळाला. मासा तीन पौंडांचा भरला. ओडेल यांनी हात ओले करून तो सोडवला आणि पाण्यात परत ठेवला. तेवढ्यात मी माझं तापमान मोजायचं यंत्र खाली सोडलं. पन्नास. आणखी दोन ठिकाणी दोन्ही एकदम सोडून पाहिले. दर वेळी तीन अंशांचा फरक.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, माझं यंत्र किती जुनं?

"दोन महिन्यांचं."

"माझं एकतीस वर्षांचं आहे."

"यात सेवाज्येष्ठता नसते, मिस्टर ओडेल."

ते हसले. मग त्यांनी थर्मामीटर उलटसुलट करून पाहिला. नळी चिमट्यांतून जराशी खाली घसरली होती. कधी घसरली, ते तिच्याकडे बघून कळत नव्हतं. तीच तर अडचण होती. थोडी थोडी घसरत गेली असेल, तर कोणत्या वर्षी किती चूक होती हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

ओडेल बराच वेळ दोरा गुंडाळत राहिले.

"मग माझ्या बारा टाकून दे," ते म्हणाले. "तिच्या एकोणीस ठेव."

थर्मामीटर दोघांचा एकच होता, असं मी म्हटलं.

"ते कळतं मला."

परतताना ते कप्प्यांबद्दल विचारत होते. पहिले तीन आकडे त्यांनी स्वतः धरलेल्या माशांवरून ठरवले होते, याच काचेने मोजून. त्यामुळे काच चुकीची असूनही डबा बरोबर चालत आला होता. साठ मात्र खात्याच्या पत्रकातून घेतलेला. साठला बास उथळात घरटं करायला येतो, तेव्हा त्याच्या वाटेला जायचं नाही. म्हणून तो कप्पा वेल्माने रिकामा ठेवला होता.

"म्हणजे आम्ही साठला थांबायचो, तेव्हा खरं..."

"त्रेसष्ट."

त्यांनी इंजिन बंद केलं. धक्का अजून लांब होता.

"घरट्यावरचा नर समोर येईल ते तोंडात धरतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, थांबण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात माझा हात चांगला बसतो."

धक्क्याला लागल्यावर माझ्या मनात आलं ते मी विचारलं. तलाव कधी गोठतो का?

काठाला, एखाद्या जानेवारीत.

"त्या दिवशी मोजायचात?"

"वेल्मा कसली सोडतेय. बर्फ फोडून त्याच्या चुऱ्यात बुडवायला लावायची."

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी एका पेल्यात पाणी घेऊन तो बर्फाने भरला आणि थर्मामीटर उभा केला. बर्फाच्या पाण्यात काचेने बत्तीस दाखवायला हवेत. काही मिनिटांनी ओडेल यांनी स्वतःच वाचलं: एकोणतीस. मी म्हटलं, गोठलेल्या दिवसांच्या जुन्या नोंदी शोधू. सगळीकडे एवढाच आकडा निघाला, तर प्रत्येक नोंदीत तीन मिळवायचे, आणि एकतीसही वह्या दप्तरात जातील.

पहिली सापडली १७ जानेवारी १९९४ची. काठाला बर्फ, एकोणतीस. समासात वेल्माने बारीक अक्षरात लिहिलं होतं: पाणी बत्तीसला गोठतं ना? मग हे अजून पाणी कसं? ओडेलला विचारलं. म्हणाला, तळ्याला विचार.

त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "परत नाही विचारलं तिने."

मी पुढच्या वह्या उघडत गेले. ओडेल यांनी डबा जवळ ओढला आणि चौथ्या कप्प्यावर, वेल्माच्या साठला धक्का न लावता, शेजारी पेन्सिलीने सत्तावन्न लिहिलं. मग माझ्यासाठी कॉफी ठेवली.

संध्याकाळपर्यंत एकतीस वह्या पाहून झाल्या. काठाला बर्फ असल्याच्या नोंदी चौदा: वेल्माच्या हातच्या नऊ, ओडेल यांच्या पाच. तेरा ठिकाणी एकोणतीस, एका ठिकाणी साडेएकोणतीस. अर्धा अंश वाचण्यातला फरक म्हणून चालतो; एकतीसही वह्या मी गाडीत ठेवल्या.