घरगुती लाइन

नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये म्हणतात. मी घेते. अजमल. त्याच्या कर्तबगारीची गोष्ट सांगायची आणि वर त्याला ‘हे’ म्हणायचं, एवढा मान त्याने माझ्याकडे शिल्लक ठेवलेला नाही.

महाडात अजमलचा बिनतारी इंटरनेटचा धंदा आहे. बाजारपेठेत गाळा, आमच्या गच्चीवर एक खांब आणि वर कुडपणच्या पठारावर भागोजी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात दुसरा. महाडचा सिग्नल कुडपणला जातो आणि तिथून पोलादपुरात उतरतो. गिऱ्हाइकं बहुतेक आमच्यासारखीच, ज्यांचं कुणी ना कुणी आखातात आहे. गाळ्यावर फोन उचलायला मी बसते. लाइन पडली की शिव्या मला आणि पैसे आले की धंदा त्याचा.

दोन हजार आठ साली एका पतसंस्थेला आपल्या महाड आणि पोलादपूरच्या शाखा जोडायच्या होत्या. त्यांनी पुण्याहून एक साहेब सल्ल्याला आणला. साहेबाने अट घातली की यंत्रं ‘कॅरिअर इथरनेट’ची प्रमाणित हवीत. अजमलने मुंबईहून तशा दोन पेट्या आणल्या, एक महाडच्या टोकाला, एक पोलादपूरच्या. मला समजावताना म्हणाला, “एसटीत राखीव सीट असते ना, तसं हाय. गाडी कितीपण भरू दे, पतसंस्थेची सीट पतसंस्थेलाच. घरगुती गिऱ्हाईक उभ्याने जाईल.”

“आणि मधला कुडपणचा रेडिओ? तो तर जुनाच हाय. त्याला राखीव सीट कळते काय?”

“तू नको डोकं चालवू,” तो म्हणाला. म्हणजे कळत नव्हती.

पुण्याच्या साहेबालाही तीच शंका असावी. प्रमाणपत्र पेटीला आहे, लाइनीला नाही, असं म्हणून त्याने जागेवर चाचणी ठरवली. सगळी घरगुती गिऱ्हाइकं चालू असताना पतसंस्थेचा वेग जराही हलता कामा नये. चाचणी शुक्रवारी सकाळी.

त्याच शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर माझ्या भावाच्या, अझीमच्या घरी त्याच्या मुलीचा, अम्बरीनचा निकाह होता. मुलाचं नाव राहील, तुडील गावचा, शारजात नोकरीला. त्याला रजा मिळत नव्हती आणि निकाहनामा हातात आल्याशिवाय अम्बरीनच्या व्हिसाचं पुढे सरकत नव्हतं. म्हणून निकाह इंटरनेटवर ठरला. काझीसाहेबांनी साधा फोन चालणार नाही म्हणून बजावलं होतं. आवाज कुणाचाही असू शकतो. मुलाचं तोंड दिसलं पाहिजे आणि त्याचं ‘कबूल’ साक्षीदारांनी कानांनी ऐकलं पाहिजे. अजमल चारचौघांत म्हणाला, “लाइन माझी, जबाबदारी माझी.”

मेहरवरून, म्हणजे मुलाने मुलीला द्यायच्या रकमेवरून, आठवडाभर कुरबूर झाली होती. राहीलची आई नसीबा अखेर तयार झाली ती तोंड वाकडं करूनच. तरी शुक्रवारी सगळे नटून आले. दिवाणखान्यात पुरुषमंडळी, टेबलावर कॉम्प्युटर, पडद्यावर शेरवानीतला राहील आणि त्याच्या मागे दाटीवाटीने त्याचे दोस्त. आतल्या खोलीत येऊन अम्बरीनची संमती घेतली गेली. मी तिच्या शेजारी होते. बाहेर काझीसाहेबांनी मेहरची रक्कम वाचली आणि विचारलं, “कबूल है?” राहीलचं तोंड अर्धं उघडलं आणि तसंच राहिलं. चित्र थिजलं, आवाज गेला.

पोरांनी वायरी हलवून पाहिल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी अजमलला फोन लावत राहिले. उचलेल तर शपथ. मग अझीमच्या मोबाइलवर राहीलचाच फोन आला की मी तीनदा कबूल बोललो, तुम्हाला ऐकू नाही आलं का? काझीसाहेब म्हणाले, साक्षीदारांनी ऐकलेलं नाही, निकाह झाला नाही, थांबू या.

थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या भावाच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, “मेहर ऐकून पोराच्या घशात अडकलं वाटतं.”

नसीबा तिथल्या तिथे उसळली. “लाइन तुमच्या मेव्हण्याची, आणि नाव माझ्या पोराचं? मेहर वाढवायला तुमीच तोडलीत. नायतर पोरीचंच कुठं तरी असंल, म्हणून हा तमाशा.”

अझीमने मुलाकडच्यांना भिकारी म्हटलं. ते न जेवता उठून गेले. बिर्याणीचं पातेलं तसंच्या तसं राहिलं.

संध्याकाळी अजमल आमच्या घरी आला आणि मी तिथून आणलेली तीच बिर्याणी ताटात वाढून घेऊन बसला. “पास झालो,” म्हणाला. आंबेनळी घाटात ट्रक आडवा पडला, साहेब उशिरा पोचला, म्हणून सकाळची चाचणी दुपारवर गेली.

“आणि निकाहची लाइन पडली कशी?” मी विचारलं.

“पडली नाय. मी बंद केली. सगळ्याच घरगुती बंद केल्या. चालू ठेवल्या की पतसंस्थेचा वेग हलायचा. साहेब बसला पोलादपुरात, इकडं महाडात कोण बघतो?”

मला वाटलं ताट त्याच्या डोक्यावर उपडं करावं. “साहेबाला अर्धा तास थांबवायचं होतं तुमी.”

“घरगुती लाइन हाय ती, सुम्बुल. घरगुतीला कोण वचन देत नाय. चालली तर चालली.”

“तुमी दिलं होतं ना. चारचौघांत.”

त्याने हाड चोखून बाजूला ठेवलं. मी म्हटलं, उद्या दोन्ही घरी जाऊन खरं सांगा, पोरीवरचा डाग जाईल. तो म्हणाला, “सांगितलं तर काम गेलं. अम्बरीनला दुसरं स्थळ मिळंल, मला दुसरी पतसंस्था मिळणार हाय काय?”

पुढच्या रविवारी जमातीच्या सदरांनी, म्हणजे अध्यक्षांनी, दोन्ही घरं अझीमकडे समोरासमोर बसवली. हे सदर म्हणजे त्याच पतसंस्थेचे संचालक. नवरा हयात नसल्यामुळे नसीबा पुरुषांत खुर्ची घेऊन बसली होती. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात. सदरांनी अजमललाच विचारलं, “त्या वेळी लाइन चालू होती की नव्हती? तू सांगशील ते दोघं मानतील.”

अजमलने घसा खाकरला. “माझ्या बाजूने चालू होती. त्याच वेळी तुमच्या पतसंस्थेची चाचणी झाली. सगळी गिऱ्हाइकं चालू असताना पास झाली. तुमाला तर म्हायती हाय.”

सदरांनी मान डोलावली. अझीम म्हणाला, “ऐकलंत? म्हंजे पोरगाच गप्प बसला.” नसीबा पदर सावरत उठली.

मला माझं घर दिसलं नाही असं नाही. दिसलं. पोरांची शाळा दिसली, पेट्यांचे हप्ते दिसले. पण चोर तो चोर, वर शिरजोर, हे समोर बसून ऐकायचं मला जमलं नाही. मी दारातून पुढे आले आणि म्हटलं, “खोटं बोलतायत. सगळ्या घरगुती लाइनी यांनी हातांनी बंद केल्या होत्या. आमच्या घरची पण. चाचणी पास व्हावी म्हणून. मला स्वतः सांगितलं यांनी, इथलीच बिर्याणी खाताना.”

अजमल माझ्याकडे असा बघत होता की त्याक्षणी मला त्याची भीती वाटली. सदर त्याला म्हणाले, “उद्या पेट्या काढून घेऊन जा.” एवढंच. ओरडलेसुद्धा नाहीत.

नसीबा परत खाली बसली. “म्हंजे माझा पोरगा खरंच बोलत होता,” ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. अझीमने तिची माफी मागितली, तिने त्याची. सदर म्हणाले, झालं गेलं विसरा, येत्या जुम्म्याला निकाह उरकून टाका. नसीबाने हाक मारली, “अम्बरीन, ये गो बाहेर.”

अम्बरीन बाहेर आली. डोक्यावरची ओढणी सारखी करून ती आधी माझ्याकडे वळली.

“फुफी, तू बोललीस, अल्ला तुझं भलं करो. पण मला नाय करायचा हा निकाह.”

अझीम काही म्हणायच्या आत ती पुढे बोलली. आवाज चढवला नाही. “त्याच्या पडद्यावर पण आपलं चित्र थिजलंच असंल ना? लाइन पडली ते त्याला त्याच वेळी म्हायती होतं. त्याची आई मला काय बोलली ते मी त्याला फोनवर सांगितलं. म्हटलं, आईला एवढंच सांग, लाइन पडली, पोरीने तोडली नाय. तो बोलला, मी आईला उलट बोलत नाय.” ती नसीबाकडे बघत होती. “तीनदा कबूल बोललो म्हणतो. माझ्यासाठी एकदा एवढं बोलला नाय.”

अझीम अम्बरीनवर हात उगारायला गेला, तो सदरांनी धरला.

क्षणभर मला त्या पोरीचा भयंकर राग आला. हिच्यासाठी मी माझ्या घरचं काम घालवलं आणि हिला लग्नच नको. मग तिचं तोंड बघितलं आणि राग गेला. राहिला तो हेवा. उघड सांगते, मला तिचा हेवा वाटला. तिला नवऱ्याची पारख लग्नाआधी झाली.

बाहेर अजमलने गाडी सुरू केली होती आणि तो हॉर्न वाजवत होता. मी चपला घातल्या.