उन्हावर केलेला बर्फ

उजाडायच्या सुमाराला मासेवाल्या नेमेस्योच्या फाटकाशी यायच्या. होड्या किनाऱ्याला लागायच्या आत त्यांना बर्फ हवा असे, आणि आमच्या सान रोके गावात बर्फ मिळायचा तो या एकाच घरी. पूर्वी त्या त्याच्या बायकोला ‘नांग अदेल्फा’, म्हणजे अदेल्फाताई, म्हणून हाक मारत. अदेल्फा गेली, तेव्हा पहिले काही दिवस काय हाक मारावी ते कुणालाच सुचेना. नुसतं फाटक वाजवून उभ्या राहायच्या. शेवटी त्यांच्यातली थोरली, बासिल्या, हिने तोंड उघडलं आणि त्याला ‘नोंग’, म्हणजे दादा, म्हटलं.

“नोंग नेमेस्यो, रडायचं असेल तर रड. पण आधी बर्फ दे. मासे काही तुझ्यासाठी थांबणार नाहीत.”

त्या दिवसापासून बर्फ नेमेस्योच्या गळ्यात पडला.

जन्मभर तो होड्या बांधत आला होता. पहाटे निघायचा तो अंधार पडता घरी यायचा. बर्फात त्याने कधी हात घातला नव्हता, पण अदेल्फाची रीत त्याला बघून बघून पाठ होती. संध्याकाळी लांबट प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी भरायचं, गाठ मारायची, डीप फ्रीझरमध्ये पिशव्या रचायच्या आणि दिवे लागले की प्लग लावायचा. पहाटे बर्फ विकून झाला की प्लग काढायचा. दिवसा फ्रीझर बंद आणि झाकणाला कुणी हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. अशाच एका पहाटे ती पिशव्या देता देता खाली बसली आणि उठलीच नाही. नेमेस्योने तिच्या रीतीत काडीचाही बदल केला नाही. फक्त त्याच्या गाठी गळायच्या आणि त्यावरून बायका त्याला हसायच्या.

“होडीत पाणी शिरू देत नाहीस, मग पिशवीतलं बाहेर कसं येतं रे?” बासिल्या म्हणायची.

फ्रीझर तेवढाच चालत होता, पण बिल वाढत होतं. वीज संस्थेचा माणूस महिन्यातून एकदा यायचा, मीटर बघायचा, तिथल्या तिथे चिठोरं छापायचा आणि फाटकाच्या जाळीत खोचून पुढे जायचा. डिझेल महागलं, कोळसा महागला, असं रेडिओवर सांगायचे. बर्फाचा भाव वाढवावा तर मासेवाल्यांच्या दाराला तेच चिठोरं अडकवलेलं. त्यांच्याकडून कोणत्या तोंडाने जास्त मागायचं?

मुलगी मारिविक इलोइलो शहरात नर्स होती. रविवारी मिसा आटोपली की तिचा बापाला, तिच्या ‘तातय’ला, फोन यायचा.

“तातय, फ्रीझर तुम्हाला पोसतोय की तुम्ही फ्रीझरला?”

“चाललंय.”

“चाललेलं नाही. बिलाचा फोटो मला बासिल्या काकूंच्या सुनेने पाठवला. विकून टाका तो आणि इकडे या. वरची खोली रिकामीच आहे.”

नेमेस्योने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, “तुझ्या आईच्या वर्षाची प्रार्थना होऊ दे. तोवर फ्रीझरने आपलं बिल आपण काढलं नाही, तर मीच तो विकतो आणि येतो.”

“शब्द देताय?”

“दिला.”

फोन ठेवल्यावर तो ओसरीत बसला. घरात अदेल्फाचा फोटो होता, तिचे कपडे होते, तिची चप्पल अजून दाराशी होती. पण त्याला रोज उठायला लावत होतं ते फाटक. बर्फ थांबला की पहाटे कुणी येणार नाही, आणि कुणी आलं नाही तर आपण कशाला उठू, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. शहरातल्या वरच्या खोलीत तर उठायचं काहीच कारण नव्हतं.

त्याचा कुमपारे रुफो, म्हणजे मारिविकच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला तिचा धर्मपिता, वरच्या वाडीत राहायचा. त्याच्या छपरावर मुलाने सोलर पॅनेल बसवले होते. त्याने नेमेस्योला भर दुपारी मीटरसमोर नेऊन उभं केलं. मीटर जुना, काचेतून चाक दिसणारा. चाक मंदावलं, थांबलं आणि उलटं फिरू लागलं.

“बघितलंस, पारे? मी रात्री खर्च करतो आणि सूर्य दिवसा खोडून टाकतो.”

“आणि संस्थेला चालतं हे?”

“त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

नेमेस्योने ते चाक डोळे भरून बघितलं आणि त्याच आठवड्यात आपली छोटी होडी इंजिनासकट विकली. आता दर्यावर जायचं वय उरलं नव्हतं, असं त्याने लोकांना सांगितलं. किनाऱ्यावरचं एक बंद पडलेलं हॉटेल सामान विकत होतं. तिथून त्याने तीन जुने पॅनेल आणले. छपरावर सांगाडा त्याने स्वतः ठोकला, होडीच्या फासळ्या ठोकाव्यात तसा, वादळातही हलणार नाही असा. रुफोच्या मुलाने इन्व्हर्टरचा डबा आणून तारा घरातल्या विजेला जोडून दिल्या.

मग नेमेस्यो कंजुषीला लागला. दिवसा जितकी कमी वीज वापरू तितकं चाक उलटं फिरेल, असा त्याचा हिशेब. कडक उन्हाळा, पत्र्याखाली अंगाची लाही होत होती, तरी पंखा बंद. रेडिओ बंद. सकाळचा भात दुपारी गारच खायचा, वर खारवलेला मासा. बासिल्या काही विचारायला आली तर तो आंब्याखाली उघडाबंब बसलेला.

“पंखा मोडला का?”

“सूर्य कामावर आहे. त्याला मध्ये त्रास द्यायचा नाही.”

त्याच्या मीटरला चाक नव्हतं, नुसते आकडे होते. चाक आतल्या बाजूला असेल, असं त्याने धरलं होतं.

महिना भरला. चिठोरं आलं. या घरात आजवर आलेलं सगळ्यांत मोठं बिल होतं ते.

“आता सूर्यपण बिल पाठवायला लागला का?” बासिल्या म्हणाली. बाकीच्या खो-खो हसल्या. नेमेस्यो हसला नाही, तेव्हा त्यांनी हसू आवरलं आणि त्या दिवशी प्रत्येकीने जास्तीची एकेक पिशवी घेतली.

रुफोने बिल उलटंपालटं करून बघितलं. “माझं तर कमी येतं, पारे. तुझे पॅनेल उलटे बसले असतील.”

“पॅनेल उलटा कसा बसेल? ऊन वरूनच पडतं ना?”

त्याने धुतलेला शर्ट घातला, त्यावर दुखवट्याची काळी पट्टी टाचली आणि वीज संस्थेच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या मुलीने बिल पाहिलं, संगणकात पाहिलं आणि विचारलं, “नोंग, छपरावर काही बसवलंय का?”

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं होतं. पण खोटं बोलून उत्तर कसं मिळणार? “तीन पॅनेल,” तो म्हणाला.

“परवानगी?”

“नाही.”

मुलीने सुस्कारा सोडला. “तुमचा मीटर नवीन आहे. त्यातून वीज गेली की तो मोजतो. आत येतेय की बाहेर जातेय हे त्याला कळत नाही. तुम्ही दिवसभर जी वीज आमच्या तारेत सोडली, ती सगळी तुमच्याच नावावर चढली.”

“म्हणजे मी तुम्हाला दिलेली वीज मीच विकत घेतली?”

“हो, नोंग.”

मागे रांगेतला एकजण फिसकन हसला. नेमेस्यो वळला नाही. “मग यावर करायचं काय?”

“दोन्हीकडचं मोजणारा मीटर मिळतो. त्याला अर्ज करावा लागतो, इंजिनियरची सही लागते, तपासणी होते. वेळ लागतो. तोवर आमच्या तारेत एक थेंबसुद्धा यायला नको. वीज बंद आहे असं धरून आमचा माणूस खांबावर चढलेला असतो.”

ही गोष्ट नेमेस्योच्या डोक्यात आलीच नव्हती. त्याने अर्जाचे कागद घेतले आणि घरी येऊन पहिल्यांदा डब्याची तार काढून ठेवली.

दोन दिवस तो त्या तारेकडे बघत बसला. प्रार्थनेचा दिवस फार लांब नव्हता. बाहेर सोडायची नाही, तर आलेली वीज आल्या आल्या घरातच संपवायला हवी. घरात एवढी वीज खाणारी वस्तू एकच. पण तिला दिवसा लावायचं नाही, हा अदेल्फाचा कायदा.

पहाटे त्याने बासिल्याला विचारलं, “अदेल्फा दिवसा फ्रीझर का लावायची नाही?”

“तुला माहीत नाही?” बासिल्याने घमेलं खाली ठेवलं. “नवरा आहेस की पाहुणा? समोर भाताची गिरणी होती ना. दिवसा गिरणी चालू झाली की सगळ्या आळीचे दिवे मिणमिणायचे. त्यातच तिच्या फ्रीझरचा पहिला कॉम्प्रेसर जळला. तेव्हापासून ती रात्री लावायला लागली.”

“गिरणी बंद होऊन किती काळ झाला.”

“मीही तेच म्हटलं होतं तिला. म्हणाली, आता सवय झालीय, कोण बदलतंय. रात्रीचं जागरण काय तिला आवडत होतं?”

नेमेस्योने तिच्या घमेल्यात पिशव्या भरल्या. बायका गेल्यावर तो फ्रीझरपाशी उभा राहिला. एवढे महिने तो देवाचं करावं तसं हे सगळं करत आला होता, आणि ती एका गिरणीला चुकवत होती. त्याला थोडं हसू आलं, मग बराच वेळ रडू आलं. तोंड धुऊन त्याने पिशव्या भरायला घेतल्या.

ऊन छपरावर चढलं तसा त्याने प्लग लावला, डबा जोडला आणि मीटरसमोर जाऊन उभा राहिला. फ्रीझर गुरगुरत होता तरी आकडे हलत होते, म्हणजे त्याला पुरून उरलेली वीज बाहेर जात होती. तो छपरावर चढला आणि एका पॅनेलची तार सोडवून आला. आकडे जागच्या जागी थांबले. थोड्या वेळाने पिशव्या गार झाल्या, फ्रीझर दमून गप्प बसला आणि आकडे परत चालू. त्याने तारा काढल्या आणि विचार केला. मग त्याला कळलं की फ्रीझरला दिवसभर गप्प बसू द्यायचंच नाही. सगळ्या पिशव्या एकदम न टाकता दर थोड्या वेळाने ताज्या पाण्याच्या चार आत घालायच्या. त्यातूनही तो थांबलाच तर पाण्याचा पंप चालू करायचा, भात शिजवायचा, पंखा लावायचा. महिनाभर घाम गाळलेल्या माणसाने त्या दुपारी पंख्याखाली गरम भात खाल्ला.

सूर्य कलला तसा त्याने प्लग काढला. पहाटे झाकण उघडलं तर वरच्या पिशव्यांत अर्धं पाणी.

“हा बर्फ आहे की सूप?” बासिल्या म्हणाली.

“उद्या बघ.”

दिवसभर पिशव्या घालता घालता मधल्या वेळात त्याने जुन्या फळ्या काढल्या. फ्रीझरच्या चारही बाजूंना आणि झाकणावर बसतील अशा दुहेरी भिंती केल्या, फळी-फळीत भाताची तुसं ठासली आणि फटी होडीला भरतात तशा भरल्या. दिवसा भिंती बाजूला काढायच्या, म्हणजे फ्रीझरला श्वास घेता येईल. संध्याकाळी त्या लावून खुंट्या ठोकायच्या. दुसऱ्या पहाटे बासिल्याने पिशवी उचलली, घमेल्यावर आपटली. टणक आवाज आला. तिने आणखी दोन उचलल्या. त्याच्या लेखी तेवढं पुरे होतं.

मारिविक वर्षाच्या प्रार्थनेला आली ती एकटी आली नाही. शहरातला एक जुनं सामान घेणारा तिच्यासोबत टेम्पो घेऊन आला होता. दुपारची वेळ होती. नेमेस्यो फ्रीझरजवळ बादली घेऊन बसला होता.

“तातय, हे गृहस्थ फ्रीझर बघायला आलेत.”

“जाळीतलं चिठोरं बघ आधी.”

तिने बिल वाचलं. तारीख बघितली. पुन्हा वाचलं. “हे आपल्याच घराचं आहे?”

“नाव वाच.”

“बर्फाचे पैसे?”

“बिल जाऊन उरतात. फार नाही, पण उरतात. मी शब्द दिला होता, तो पुरा झाला.”

टेम्पोवाल्याने घड्याळात पाहिलं. मारिविक अजून बिल धरून उभी होती. नर्स होती ती, सहज मानणारी नव्हती. “हे उन्हाळ्याचं झालं. आता पाऊस लागेल, तेव्हा काय करणार?”

“पाऊस लागला की दर्या खवळतो. होड्या वर ओढलेल्या असतात. मासे नाहीत तर बर्फ कुणाला हवा? ज्या दिवशी ऊन, त्या दिवशी बर्फ. अर्ज केलाय, नवा मीटर आला की तिसरा पॅनेलही जोडीन.”

“आणि तुम्ही एकटे आजारी पडलात तर?”

“पहाटे फाटक उघडलं नाही तर दहा बायका आत येतील. तुझ्या वरच्या खोलीत कोण येणार होतं?”

तिने बिलाची घडी घातली. मग टेम्पोवाल्याला म्हणाली, “दादा, माफ करा. फुकट हेलपाटा पडला. प्रार्थनेचं जेवण आहे, जेवूनच जा.”

“पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारणार आहे, तातय,” ती बापाकडे वळून म्हणाली.

“विचार. आत्ता मात्र बाजूला सर. फ्रीझर थांबायच्या आत पिशव्या जायला हव्यात.”

तिने पर्स खुंटीला अडकवली आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. त्याची गाठ सोडून तिने आईसारखी गाठ मारली, आणि पुढची मागायला हात पुढे केला.