टाकीजवळचा फोटो

"साडूभाऊ, जरा उजवीकडे सरका ना, मला वारा लागतोय!"

मागच्या सायकलवरून साडूचा आवाज आला आणि काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे समोरून वारा आपण खायचा, या काडीपैलवानाने आपल्या पाठीआड निवांत यायचं, आणि चढ लागला की टुणकन पुढे! काटेवाला वजनकाट्यावर दिवसभर ट्रक तोलायचा, त्यामुळे त्याचं स्वतःचं वजन हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होताच. त्यात बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. काटेवाला जळायचा त्याच्यावर. त्याच्या नसलेल्या पोटावर जळायचा.

टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ पोचलं की सगळ्या सायकलवाल्यांचा फोटो निघे आणि त्यांच्यातलाच सायकल दुरुस्तीवाला मिस्त्री तो आपल्या दुकानाच्या भिंतीवर लावी. काटेवाला धापा टाकत पोचेपर्यंत फोटो होऊन गेलेला असे. परवा काटेवाला तिथे चाकात हवा भरत असताना बायको आली होती. म्हणाली, "अहो, धाकटीचे मिस्टर सगळ्या फोटोंत आहेत. तुम्ही नक्की जाता ना हो?" काटेवाल्याने भिंतीकडे पाहिलंही नाही. त्या भिंतीकडे तो कधीच बघत नसे.

ती गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला होता, "साहेब, चढाला तुम्ही सगळ्यांच्या मागून लागता, तिथेच चुकतं. उतारावर तुम्हाला कोण धरणार? पायथ्याशी सगळ्यांच्या पुढे पोचा. मग जाऊ द्या एकेकाला, घाबरू नका. शेवटचा पुढे जाईपर्यंत माथा येतो."

"सरकतो की," काटेवाला आता म्हणाला आणि सरकला तो थेट रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. दातओठ खात त्याने पेडल मारलं. वळून पाहिलं तर साडू उघड्यावर पडलेला, मान खाली घालून वाऱ्याशी झटत होता. खा म्हणावं आता!

पुलाकडच्या उतारावर तर काटेवाल्याने सगळ्यांनाच मागे टाकलं. चढ सुरू झाला. शाळामास्तर शेजारून गेले, "काय राव, आज पुढे?" असं म्हणत. मग औषधवाला गेला, मग मिस्त्री. काटेवाला आपल्या चालीने चढत राहिला. शेवटी नर्सबाई पुढे गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ समोर टाकी! छाती भात्यासारखी हलत होती, पण पोचला पठ्ठ्या.

"या, या, मध्ये उभे राहा!" मिस्त्रीने फोन कठड्यावर टेकवून टायमर लावला.

"एक जण कमी आहे ना?" नर्सबाई म्हणाल्या.

"येईल. दर वेळी कुणीतरी राहतंच की," मिस्त्री म्हणाला.

तो कुणीतरी कोण, हे काटेवाल्याला सांगायला नको होतं. वाक्य बरोबर वर्मी लागलं. तेवढ्यात फोटो निघाला.

बऱ्याच वेळाने साडू सायकल हातात धरून, पाय ओढत वर आला. चेहरा पांढराफटक. आल्या आल्या विचारतो काय, तर "आलात ना फोटोत? वाऱ्याने माझी पार वाट लावली. पण तुम्हाला जमलं ना!"

त्याच्या मनात संशयाचा मागमूस नव्हता. काटेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

पुढच्या आठवड्यात बायको हौसेने दुकानात आली आणि नव्या फोटोपुढे उभी राहिली.

"हे काय? एकदाचे आलात, तर तोंड कुठे फिरवलंय?"

खरंच. सगळे हसत समोर बघत होते आणि मधोमध काटेवाला मान वळवून खालच्या रस्त्याकडे बघत होता. नुसते कान आणि गाल दिसत होते.

"तुमचंही धाकटीच्या मिस्टरांसारखंच की," बायको म्हणाली. "हे बघा ना."

काटेवाल्याने पहिल्यांदाच ती भिंत नीट पाहिली. सगळ्या फोटोंत साडू कडेला उभा होता आणि सगळ्या फोटोंत त्याची मान उताराकडे वळलेली होती.

"दर वेळी हे तिकडे काय बघत असतात हो?"

"मला," काटेवाला म्हणाला.